होममेड कॅम्पर ट्रेलर: प्लायवूड 'वॉटरप्रूफ' असूनही जोड का कुजतात आणि ते पक्के कसे करायचे?

लोखंडी चॅनेलची चेसिस, त्यावर प्लायवूडची पेटी, आत दोन माणसांची गादी आणि मागच्या बाजूला शेगडी ठेवायला एक फळी. यूट्यूबवर अशा कॅम्पर ट्रेलरचे व्हिडिओ पाहिले की वाटतं, एवढं तर आपल्या ओळखीचा सुतार आणि वेल्डर मिळून पंधरा दिवसांत करून देतील. देतीलही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं स्वतंत्र धोरण आणलं, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडेही ओळखीचा झाला आहे. पण कंपनीत बनलेली कॅरॅव्हॅन सगळ्यांच्या खिशाला परवडत नाही, म्हणून घरच्या घरी बांधण्याचा विचार अनेकांच्या डोक्यात येतो.

खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होते. बाहेरून रंग चकचकीत असतो, पण आत गादी उचलली की कोपऱ्यात काळी रेघ दिसते. कुबट वास येतो. बोटाने दाबलं तर प्लाय मऊ लागतो. मग दोष प्लायला दिला जातो. "वॉटरप्रूफ सांगून कमर्शियल माल गळ्यात मारला," असं म्हणून विषय संपतो.

काही वेळा ते खरं असेलही. पण चांगला प्लाय वापरूनही असंच होऊ शकतं. त्याचं कारण समजून घ्यायचं असेल तर आधी 'वॉटरप्रूफ प्लायवूड' या शब्दाचा अर्थ पाहायला हवा.

वॉटरप्रूफ नेमकं काय असतं? लाकूड की गोंद?

प्लायवूड म्हणजे लाकडाच्या पातळ थरांची चळत. एका थराचे रेषे उभे, पुढच्याचे आडवे. मध्ये गोंद, वरून उष्णता आणि दाब. आडव्या-उभ्या रेषांमुळे शीट साध्या फळीसारखी फुगत किंवा वाकत नाही.

दुकानात याचे तीन प्रकार मिळतात. एमआर म्हणजे ज्याला सगळे 'कमर्शियल' म्हणतात तो, बीडब्ल्यूआर, आणि बीडब्ल्यूपी म्हणजे 'मरीन'. पहिले दोन आयएस ३०३ या भारतीय मानकात येतात, मरीन प्लायसाठी आयएस ७१० हे मानक आहे. फरक मुख्यतः गोंदाचा असतो आणि तो उकळून तपासला जातो. बीडब्ल्यूआरच्या तुकड्याला उकळत्या पाण्यात ८ तास टिकावं लागतं, बीडब्ल्यूपीच्या तुकड्याला ७२ तास. कमर्शियलच्या चाचणीत पाणी उकळतसुद्धा नाही, ६० अंशांच्या कोमट-गरम पाण्यात ३ तास ठेवलं जातं.

म्हणजे ही चाचणी सांगते ती एवढंच की गोंद सुटणार नाही आणि थर उकलणार नाहीत. लाकूड पाणी पिणार नाही असं कोणतंही मानक म्हणत नाही. आयएस ७१० चा प्लायसुद्धा पाणी शोषतो. त्या मानकात लाकडाला कीड आणि बुरशीविरोधी प्रक्रिया करणं अपेक्षित असतं, त्यामुळे तो जास्त काळ तग धरतो. पण महिनोन्महिने ओला राहिला तर त्याचीही तब्येत बिघडते.

ट्रेलरसाठी आयएस ७१० घ्यावा. बजेट अगदीच कमी असेल तर निदान बाहेरच्या भिंती, छप्पर आणि तळ याच दर्जाचा, आणि आतली कपाटं बीडब्ल्यूआरची. शिक्का तर पाहायचाच, पण शीटची कड उजेडात धरून पाहायची. मधल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर ती शीट परत करावी. एक छोटा तुकडा मागून घरच्या पातेल्यात दोन-चार तास उकळला तरी बरंच कळतं. थर तेवढ्यातच सुटले तर शिक्क्यावर विश्वास ठेवू नये.

पाणी आत कुठून येतं?

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी समजा. झाड मुळातून शेंड्यापर्यंत पाणी याच नळ्यांतून नेत असतं. त्यामुळे रेषांच्या दिशेने पाणी झपाट्याने शिरतं आणि रेषांच्या आडवं खूप हळू. प्लायच्या पृष्ठभागावर या नळ्या आडव्या झोपलेल्या असतात. कापलेल्या कडेवर मात्र निम्म्या थरांच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी तिथून आत चढतं.

आणि जोड म्हणजे दोन कापलेल्या कडा एकमेकींजवळ येण्याची जागा. शिवाय तिथेच स्क्रू मारलेले असतात. प्रत्येक स्क्रू हे सगळे थर भेदून गेलेलं एक भोक असतं. रंगवताना हात रुंद भिंतीवर सढळपणे फिरतो आणि कडेवर एकदाच पुसटसा लागतो, म्हणजे गरजेच्या बरोबर उलट.

एकदा आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वेळ लागतो, कारण वरून रंग असतो आणि आतून सनमायका. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिला की बुरशीला राहायला घर मिळतं.

महाबळेश्वर ते जत, एकाच ट्रेलरमध्ये

परदेशी व्हिडिओतला सल्ला सातारा-सांगलीत जसाच्या तसा चालत नाही, याचं एक कारण या दोन जिल्ह्यांच्या नकाशातच आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्ये तिथे एकाच दिवसात जवळपास ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. याउलट माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात वर्षभराचा पाऊसच साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे घाटमाथ्यावर एका दिवसात पडला तेवढा पाऊस जतला पडायला वर्ष लागतं. आणि ही दोन्ही टोकं एका दिवसाच्या प्रवासात येतात.

लाकूड आजूबाजूच्या हवेशी जमवून घेत असतं. हवेतली आर्द्रता ९० टक्के असेल, जशी पावसाळ्यात कास-तापोळ्याकडे असते, तर लाकूड हळूहळू २० टक्क्यांच्या जवळ ओलावा धरतं. मार्च-एप्रिलच्या दुपारी जतला आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की तेच लाकूड सहा-सात टक्क्यांकडे घसरतं. ट्रेलर पावसात भिजला नाही तरी हे होतंच. आठ फुटी शीट यात लांबीला एखाद-दुसरा मिलिमीटर कमी-जास्त होते, जाडीत त्या मानाने जास्त फुगते.

त्यात धातूची भर. छपराच्या कडेला लावलेली आठ फुटी अॅल्युमिनियमची पट्टी तापमान ३० अंशांनी वाढलं की सुमारे १.७ मिलिमीटर लांब होते. पहाटे पाचगणीत गारठलेली पट्टी दुपारी सांगलीच्या उन्हात एवढी सहज तापते. प्लाय ओलाव्याने हलतो, अॅल्युमिनियम उष्णतेने हलतं, आणि दोघांना एका स्क्रूने जखडलेलं असतं. मधला सीलंट कडक असेल तर तो तडकणारच. ती चीर केसाएवढी असते, डोळ्याला दिसत नाही. पाण्याला तेवढी पुरते.

लाकूड हलतं ही गोष्ट या भागाला नवी नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. भोपळा आणि लाकूड नीट वाळल्याशिवाय तिथे वाद्याच्या कामाला हात लावला जात नाही, कारण नंतर वाळून आकसलं तर सांधा उघडतो आणि सूर बिघडतो. ट्रेलरलाही तोच नियम लावावा. शीट आणल्यावर आठ-दहा दिवस सावलीत, खाली पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशा रचाव्यात. आणि काम फेब्रुवारी ते मे या काळात उरकावं.

हवामानाला दोष दिलेली विमानं

प्लायवूडचे जोड आणि भारतातला पावसाळा यांची एक मोठी गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली आहे. ब्रिटनचं डी हॅविलंड मॉस्किटो हे लढाऊ विमान चक्क लाकडी होतं. बर्चचा प्लायवूड आणि मध्ये बाल्सा लाकूड अशी त्याची कातडी. १९४४ च्या अखेरीस भारत आणि आसपासच्या भागात यातली काही विमानं कोसळली. पंखाचा वरचा पृष्ठभाग आतल्या मुख्य तुळईपासून सुटत असल्याचा संशय आला.

चौकशीसाठी मेजर हेरवर्ड डी हॅविलंड भारतात आले. त्यांच्या अहवालाचा सूर असा होता की दोष गोंदाचा नसून पावसाळी हवामानात सांगाड्यात झालेल्या बदलांचा आहे. नंतर झालेल्या तपासण्यांनी वेगळं चित्र मांडलं. पावसाळा अजिबात न पाहिलेल्या विमानांमध्येही तेच दोष सापडले, आणि कारखान्यात जोड चिकटवण्याच्या कामाचा दर्जाच कमी पडल्याचं नोंदवलं गेलं. तरी अधिकृतपणे बोट हवामानाकडेच राहिलं. उपाय मात्र साधा होता. पंखाच्या कातडीचा जो लांबलचक सांधा होता, त्यावर टोकापासून टोकापर्यंत प्लायवूडची एक पट्टी बसवून तो झाकून टाकला, म्हणजे पाणी आत झिरपायला नको.

घरच्या ट्रेलरला यातल्या दोन्ही गोष्टी लागू होतात. हवामान निमित्त ठरतं, पण त्याला वाट करून देतो तो घाईत चिकटवलेला जोड. आणि उघडा सांधा भरण्यापेक्षा झाकणं जास्त भरवशाचं असतं.

आधी ठरवा, हा जोड हलणार आहे का?

वॉटरप्रूफिंगच्या गप्पा बहुतेक वेळा 'कोणती ट्यूब घेऊ' इथून सुरू होतात. त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. ट्रेलरमध्ये दोनच प्रकारचे जोड असतात.

प्लायला प्लाय जिथे मिळतो, म्हणजे भिंतीचे कोपरे, भिंत आणि तळ, भिंत आणि छप्पर, तो जोड हलता कामा नये. तो इतका घट्ट करायचा की दोन शीट मिळून एकच तुकडा झाला पाहिजे. इथे एपॉक्सी आणि काचेच्या धाग्यांची पट्टी लागते.

प्लायला दुसरं काही जिथे मिळतं, म्हणजे खिडकीची फ्रेम, दरवाजाची चौकट, छपरावरचं व्हेंट, अॅल्युमिनियमची पट्टी, खालची लोखंडी चेसिस, तो जोड हलणारच. त्याला हलू द्यायचं, पण पाणी अडवायचं. इथे रबरासारखा लवचिक सीलंट किंवा ब्यूटाइल टेप लागतो.

यात अदलाबदल झाली की ट्रेलर गळतो. कोपऱ्यात नुसता लवचिक सीलंट भरला तर घाटातल्या खड्ड्यांत पेटी कुरकुरत राहते आणि सीलंट एका बाजूने सुटतो. खिडकीभोवती एमसीलसारखी कडक पुटी लावली तर ती महिन्या-दोन महिन्यांत तडकते. एमसील चांगली वस्तू आहे, पण ती न हलणाऱ्या जागेसाठी आहे.

न हलणारा कोपरा कसा बांधायचा?

होडी बांधणाऱ्यांनी ही पद्धत केव्हाच सोपी करून ठेवली आहे. ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये 'मिरर डिंगी' नावाची छोटी शिडाची होडी आली. प्लायचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने टाचायचे आणि सांध्यांवर काचेची पट्टी रेझिनने चिकटवायची, एवढ्यावर सामान्य लोकांनी घराच्या पडवीत होड्या बांधल्या. फळ्यांच्या जुन्या होडीला पाण्याची एक सवलत असते. फळ्या भिजून फुगतात आणि फटी आपोआप मिटतात. प्लायच्या पेटीला ती सवलत नाही. तिथे सांधा आपल्यालाच बंद करावा लागतो.

सगळ्यात आधी, जोडणी करण्यापूर्वी, प्रत्येक शीटच्या कडा एपॉक्सीने भरून घ्यायच्या. हे काम नंतर करता येत नाही, कारण कडा जोडात लपून जातात. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं आणि कड पुन्हा कोरडी दिसू लागते. मग दुसरा हात, तिसरा हात. कड चकचकीत दिसायला लागली की थांबायचं. एक बारकावा इथे फार उपयोगी पडतो. सकाळी ऊन चढत असताना एपॉक्सी लावला तर लाकडातली हवा गरम होऊन बाहेर येते आणि बुडबुडे उठतात. दुपार उलटून तापमान उतरायला लागल्यावर लावला तर लाकूड हवा आत खेचतं आणि हवेबरोबर एपॉक्सीही आत जातो.

मग कोपरा जुळवायचा. आतल्या काटकोनात एपॉक्सीमध्ये लाकडाचा अगदी बारीक भुसा कालवून श्रीखंडाइतकं घट्ट मिश्रण भरायचं आणि चमच्याच्या पाठीने ओढून गोलसर करायचं. १२ मिलिमीटरच्या प्लायला साधारण तेवढ्याच त्रिज्येची गोलाई पुरते. बाहेरचा कोपरा रंधा आणि पॉलिश पेपरने गोल करायचा, कारण काचेचं कापड टोकदार कडेवर बसत नाही, उचललं जातं आणि खाली हवा राहते. पाच-सहा मिलिमीटरची गोलाई झाली की त्यावर तीन इंची काचेची पट्टी ठेवून एपॉक्सीने भिजवायची. कापड पांढरं दिसतंय तोवर ते कोरडं आहे. पारदर्शक झालं की भिजलं.

इथे एक सावधानता. गाड्यांचे बंपर, पाण्याच्या टाक्या यांचं फायबरचं काम करणारे कारागीर बहुधा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. ते स्वस्त असतं आणि फायबरवर उत्तम बसतं. लाकडावर मात्र त्याची पकड एपॉक्सीइतकी नसते. काही काळाने पापुद्रा सुटतो आणि त्याखाली पाणी साचून राहतं. त्यांच्या हाताला आणखी एक सवय असते, लवकर सुकावं म्हणून हार्डनर थोडा जास्त घालायची. पॉलिएस्टरमध्ये ते थोडंफार खपतं. एपॉक्सीमध्ये प्रमाण चुकलं की मिश्रण कायमचं चिकट राहतं आणि खरवडून काढावं लागतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मोजावं.

सांगलीच्या एप्रिलमध्ये एपॉक्सी डब्यात फार लवकर तापतो. अर्धा लिटर एकदम कालवला तर कधी कधी ब्रश बुडवेपर्यंत डब्यातून धूर यायला लागतो. थोडं थोडं कालवावं आणि पसरट ताटलीत ओतून घ्यावं, म्हणजे उष्णता निघून जाते. उलट महाबळेश्वर-पाचगणीकडे थंड दमट हवेत तो सुकताना वर मेणासारखा पांढुरका थर धरतो. तो साध्या पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा हात द्यावा, नाहीतर वरचा थर चिकटत नाही. हातमोजे न विसरता घालावेत. एपॉक्सी वारंवार कातडीला लागला तर अॅलर्जी होऊ शकते आणि ती एकदा झाली की जन्मभर राहू शकते.

एपॉक्सीला ऊन सोसत नाही. पिवळा पडतो, मग भुसभुशीत होतो. त्यामुळे वरून प्रायमर आणि पीयू रंग हवाच. रंग शक्यतो पांढरा किंवा फिकट निवडावा. गडद रंगाचं छप्पर जास्त तापतं आणि जोडांना रोज जास्त ताण बसतो.

फेविकॉलचं काय, हा प्रश्न येतोच. साधा पांढरा गोंद पाण्यात मऊ होतो, बाहेरच्या जोडाला तो नको. 'मरीन' नावाने मिळणारा प्रकार आतल्या कपाटांना, पट्ट्यांना ठीक आहे. बाहेरच्या कोपऱ्याला एपॉक्सीच.

स्क्रूची भोकं

पंचवीस खिडक्या-दरवाजे नसतात, पण स्क्रू शे-दोनशे असतात. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक स्क्रूसाठी होडीवाले एक कंटाळवाणी युक्ती करतात. भोक हवं त्यापेक्षा मोठं पाडायचं, ते एपॉक्सीने पूर्ण भरायचं, सुकल्यावर त्याच्या मधोमध योग्य मापाचं भोक पाडून स्क्रू बसवायचा. मग सीलंट सुटला तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही, भोवती एपॉक्सीची नळी असते. सगळ्या स्क्रूंना हे करायचा धीर नसेल तर निदान छपरावरच्या आणि चेसिसच्या बोल्टना तरी करावं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. साधे काळे स्क्रू गंजतात आणि गंजताना भोक मोठं करत जातात.

हलणाऱ्या जोडाला सीलंट

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सिलिकॉनचा. हार्डवेअरच्या दुकानात तो पटकन मिळतो, स्वस्त असतो, बाथरूममध्ये छान चालतो. पण त्यावर रंग बसत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार धातूला गंज धरवतो. आणि मुख्य म्हणजे एकदा तो लाकडाला लागला की त्याचा तेलकट अंश राहतो, मग पुढच्या वर्षी दुरुस्ती करताना तिथे दुसरं काहीच चिकटत नाही. ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला तो न वापरलेलाच बरा.

त्याऐवजी पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू सीलंट. गाडीची पुढची काच बसवणारे हेच वापरतात, त्यामुळे सातारा, कराड, सांगली, मिरज कुठेही काचवाल्याकडे चौकशी केली तर मिळण्यासारखा आहे. खिडकी आणि व्हेंटच्या फ्रेमखाली ब्यूटाइल टेपही चांगला. तो कधीच पूर्ण सुकत नाही, चिकट राहतो, त्यामुळे फ्रेम पुन्हा काढता येते.

सीलंटची जाडी हे या कामातलं सर्वात दुर्लक्षित गणित. समजा फट एक मिलिमीटरची आहे आणि उन्हाने ती आणखी एक मिलिमीटर उघडली. म्हणजे सीलंटला दुप्पट ताणावं लागलं. तो फाटतो. तीच फट मुद्दाम सहा मिलिमीटरची ठेवली असती तर एक मिलिमीटरचा ताण सहाव्या हिश्श्याचा झाला असता, आणि तेवढा चांगला पीयू सीलंट सहन करतो. म्हणून खिडकी बसवताना स्क्रू करकचून आवळू नयेत. सगळा सीलंट बाहेर पडून फक्त कागदाएवढा थर उरतो. दोन-तीन मिलिमीटरचे छोटे रबरी तुकडे मध्ये ठेवून हलकं आवळावं, सुकल्यावर अर्धा फेरा आणखी द्यावा.

कौलारू घराकडून शिकण्यासारखं

सीलंट कितीही चांगला असला तरी तो दुसरी फळी आहे. पहिली फळी म्हणजे पाण्याला उताराची वाट देणं. कौलारू घरात वरचं कौल खालच्यावर चढतं. मध्ये कोणताही सीलंट नसतो, तरी घर गळत नाही. ट्रेलरचं छप्पर भिंतीच्या बाहेर यावं, भिंत तळाच्या कडेवर खाली उतरावी. तळ भिंतीच्या बाहेर आला तर तो पाण्याला ठेवलेला कठडा होतो.

तरी ट्रेलर आणि घरात फरक आहे. घर ताशी ७५ किलोमीटरने पळत नाही. त्या वेगात समोरच्या भिंतीवर वाऱ्याचा जो दाब येतो, तो पाण्याला फटीत सुमारे अडीच सेंटिमीटर वर ढकलू शकतो. महामार्गावर पावसात गाडी चालवताना पाणी उताराच्या उलट दिशेने चढतं ते यामुळे. म्हणून समोरच्या बाजूला जोडांवरचं आच्छादन निदान चार-पाच सेंटिमीटरचं हवं. चाकांमधून उडणारं पाणी तर खालून वर येतं, त्यामुळे तळाची खालची बाजू आणि तिचे जोड छपराइतक्याच काळजीने बंद करावे लागतात.

गवंडी छज्जाच्या खालच्या अंगाला कडेपासून थोडी आत एक बारीक खाच ठेवतो. पाणी त्या खाचेशी येऊन थांबतं आणि पागोळीसारखं खाली टपकतं, आत भिंतीकडे सरकत नाही. ट्रेलरच्या छपराच्या बाहेर आलेल्या कडेखाली अशीच तीन-चार मिलिमीटरची खाच मारायला सुताराला दहा मिनिटं लागतात. मग ती खाचही एपॉक्सीने भरून नाही, फक्त माखून घ्यायची.

आतून येणारं पाणी

बंद ट्रेलरमध्ये दोन माणसं रात्रभर झोपली तर श्वास आणि घामातून सुमारे अर्धा लिटर पाणी हवेत जातं. कासच्या थंड रात्री ते छपराच्या आतल्या बाजूला आणि स्क्रूंच्या टोकांवर थेंब होऊन बसतं. सकाळी ते पाहून 'छप्पर गळतंय' असं वाटतं आणि बाहेरून आणखी एक ट्यूब रिकामी होते. दोन छोटी जाळीदार झरोकी, एक खाली आणि एक वर, समोरासमोर उघडी ठेवली तर हा प्रश्न बराच कमी होतो. आतल्या बाजूला सनमायका चिकटवण्यापेक्षा पातळ रंगाचा हात द्यावा, म्हणजे थोडाफार ओलावा आतल्या बाजूने तरी बाहेर पडू शकतो आणि कुठे डाग पडला तर लगेच दिसतो.

कागदपत्रांचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार 'मोटार वाहन' या व्याख्येत ट्रेलरही येतो, म्हणजे रस्त्यावर न्यायचा तर नोंदणी लागते. गाडीतच बदल करून कॅम्पर बनवणाऱ्यांसाठी कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत असं स्पष्ट केलं आहे. त्यामुळे पहिली शीट कापण्याआधीच सातारा, कराड किंवा सांगलीच्या आरटीओत जाऊन चेसिसबद्दल विचारून घ्यावं. मंजुरीप्राप्त उत्पादकाची चेसिस घेऊन त्यावर पेटी बांधणं आणि दारातल्या वेल्डरकडून चेसिस बनवून घेणं यात कागदोपत्री मोठा फरक पडू शकतो. वजनाचंही तिथेच विचारावं. १२ मिलिमीटरची आठ बाय चारची एक शीट वीस-बावीस किलो भरते.

पावसाआधीची परीक्षा

ट्रेलर तयार झाल्यावर जूनची वाट पाहू नये. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून साध्या पाइपने पाणी सोडायचं. सुरुवात तळापासून करायची आणि एकेका जोडावर दहा-पंधरा मिनिटं थांबत वर सरकायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि आत थेंब दिसला तरी तो कोणत्या जोडातून आला हे कळत नाही. आतल्या कोपऱ्यांवर खडूची पूड भुरभुरून ठेवली तर ओली रेघ लगेच उठून दिसते. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप मात्र वापरू नये, तो चांगला सीलंटही उचकटतो.

दुसरी युक्ती पाण्याशिवायची. सगळी झरोकी टेपने बंद करून एका भोकातून ब्लोअरने आत हवा भरायची आणि बाहेरून जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. फट असेल तिथे फुगे येतात. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसंच.

वापर सुरू झाल्यावर वर्षातून दोनदा, मेच्या शेवटी आणि दिवाळीच्या आसपास, सगळे जोड बोटांच्या पेरांनी ठोकून पाहावेत. निरोगी प्लायचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा बद्द. बद्द आवाज आला तर त्यावर लगेच सीलंट फासू नये, ओलावा आत कोंडला जातो. रंग खरवडून, हवा लागेल असं उघडं ठेवून तो भाग पूर्ण वाळू द्यावा. त्याला दोन-तीन आठवडेही लागू शकतात. वाळल्यावर टोकदार पेचकस दाबून पाहावा. टोक सहज आत गेलं तर तेवढा तुकडा चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून काढावा, नव्या कडा एपॉक्सीने भराव्यात आणि नवा तुकडा बसवून वरून काचेची पट्टी द्यावी. टोक आत गेलं नाही, तर तीन हात एपॉक्सी आणि रंग एवढ्यावर काम भागतं.